शायलॉकचे धर्मांतर आणि मागचे बाक

इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास आपल्याकडे कसा झाला हे पाहायचे असेल तर विद्यापीठांचे अहवाल चाळण्याऐवजी तालुक्याच्या गावातील एखाद्या महाविद्यालयाच्या उत्तरपत्रिका पाहाव्यात, असे मला नेहमी वाटत आले आहे. परभणी जिल्ह्यात मी आयुष्यभर इंग्रजी शिकवले. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस' या नाटकावरच्या शेकडो उत्तरपत्रिका तपासल्या. 'न्यायालयाच्या प्रवेशातील शायलॉकच्या प्रतिक्रियेचे विवेचन करा' हा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी येई आणि त्याचे उत्तर दर वेळी एकच असे. शायलॉक क्रूर, पोर्शिया चतुर, शेवटी काव्यगत न्याय झाला. 'काव्यगत न्याय' हे शब्द आले की तपासनीसाची तांबडी पेन्सिल आपोआप बरोबरची खूण करी. माझीही करी. ती खूण कुठून आली आणि तिच्याखाली काय दडपले गेले, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

परभणी जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये निघाले ते उर्दू माध्यमाचे. मराठी घरात, उर्दू शाळेत आणि इंग्रजी परीक्षेपुरती, अशी आमच्या आधीच्या पिढीची स्थिती. गावकुसाबाहेरच्यांना तर तिन्ही दूर. पदवीचे शिक्षण घ्यायचे म्हणजे हैदराबाद गाठायचे. ही कोंडी फोडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत त्यांनी १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून सर्वांना ठाऊक झाले. परभणी, सेलू, पूर्णा या स्टेशनांवरून मीटरगेजच्या गाडीत ट्रंक आणि वळकटी घेऊन बसणारी आमची पोरे तिथे गेली. त्यांतला मी एक. गंगाखेड तालुक्यातल्या खेड्यातून, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून, त्र्याहत्तर साली मी तिथे पोचलो.

इथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही, म्हणून त्यांना फारशी घ्यावी लागली. इंग्रजीच्या दारावर असा पहारेकरी नव्हता. म्हणून इंग्रजी वाङ्मयाविषयी आमच्या मनात एक कृतज्ञता होती. पण दार उघडे असणे आणि आतल्या घरात आपले ताट मांडलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला वेळ लागला.

शायलॉक मला आधी भेटला तो शाळेत, जलद वाचनाच्या पुस्तकात. ते पुस्तक म्हणजे लॅमच्या शेक्सपिअरकथा. १८०७ साली मुलांसाठी लिहिलेल्या या कथा नाटकांहून अधिक वाचल्या गेल्या आणि हिंदुस्थानातल्या शाळांत तर त्यांनी नाटकांची जागाच घेतली. पहिल्या आवृत्तीवर फक्त चार्ल्स लॅमचे नाव होते. सुखात्मिकांच्या कथा, म्हणजे ही शायलॉकची कथाही, लिहिल्या त्याची बहीण मेरी हिने. तिचे नाव मुखपृष्ठावर नव्हते. (ज्यांचे श्रम त्यांचे नाव नाही, हा प्रकार फक्त आपल्याकडेच आहे असे नाही.)

पुढे मिलिंदमध्ये मूळ नाटक वाचले तेव्हा मी चक्रावलो. लॅमच्या कथेत शायलॉक आरंभीच्या वाक्यांतच कठोर काळजाचा ठरतो. अंतोनिओ त्याच्यावर थुंकला, त्याने त्याला कुत्रा म्हटले, लाथ मारली, हे तिथे आहे. पण यहुद्यालाही डोळे, हात, भूक, जखम असते, हे तो ज्या भाषणात विचारतो, ते नाटकातले सर्वांत गाजलेले भाषण लॅमच्या कथेत नाही. दुसरे एक भाषण नाही, त्याकडे मी पुढे येतो. आणि तिसरा बदल सर्वांत सूक्ष्म. मूळ नाटकात अंतोनिओ अट घालतो की शायलॉकने ताबडतोब ख्रिस्ती व्हावे. ड्यूक लगेच पुस्ती जोडतो की तसे न केल्यास दिलेले जीवदान मी मागे घेईन. म्हणजे धर्म बदल, नाही तर मर. लॅमच्या कथेत मात्र ड्यूक एवढेच सांगतो की क्रौर्याचा पश्चात्ताप करून ख्रिस्ती झालास तर अर्ध्या संपत्तीचा दंड माफ होईल. सक्तीची सवलत झाली! मुलांच्या पुस्तकातून एक तलवार अशी अलगद म्यानात गेली आणि आमच्या पिढ्यान् पिढ्यांनी ती म्यानच वाचली.

मराठी रंगभूमीने शेक्सपिअरकडून काय घेतले तेही पाहण्यासारखे आहे. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले, १८८३. देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला. पुढच्या काळात शिरवाडकरांनी 'मॅक्बेथ'चा 'राजमुकुट' केला, विंदा करंदीकरांनी 'राजा लिअर' आणला. मनाची द्विधा, संशय, महत्त्वाकांक्षा, म्हातारपण. पांढरपेशा प्रेक्षकाला आपली वाटतील अशी ही दुःखे होती. शायलॉक त्या मानाने रुजला नाही. तो वर्गात राहिला, गाईडात राहिला. ज्या समाजाने माणसांना गावकुसाबाहेर ठेवले त्याला भिंतीपलीकडच्या माणसाचे नाटक रंगवण्याची गरज वाटली नाही, असा माझा तर्क आहे. तो कोणी खोडून काढल्यास मला आनंदच होईल.

ही भिंत रूपकातली नव्हे. १५१६ साली व्हेनिसच्या सत्ताधाऱ्यांनी यहुद्यांना एका वेगळ्या वस्तीत राहायला लावले. 'घेट्टो' हा शब्द जगाला त्या वस्तीने दिला. रात्री तिची दारे बंद होत आणि पहारेकऱ्यांचा पगार यहुद्यांनाच द्यावा लागे. बाहेर पडताना ओळखीसाठी ठरावीक रंगाची खूण अंगावर बाळगावी लागे. जमिनीची मालकी नाही, बहुतेक धंदे बंद. व्याजाचा धंदा त्यांच्यासाठी मोकळा ठेवला आणि मग त्यासाठीच त्यांना शिव्या दिल्या. इंग्लंडने तर १२९० सालीच यहुद्यांना हाकलून दिले होते आणि १६५६ पर्यंत त्यांना उघडपणे परत येता आले नाही. म्हणजे शेक्सपिअरने १५९६-९७ च्या सुमारास हे नाटक लिहिले तेव्हा लंडनच्या प्रेक्षकाला यहुदी माहीत होता तो मुख्यतः ऐकीव द्वेषातून. १५९४ मध्ये राणीचा वैद्य लोपेझ, जन्माने पोर्तुगालचा यहुदी, विषप्रयोगाच्या कटाच्या आरोपावरून फासावर गेला होता. ती गर्दी नाटकाला येत होती. (आमच्या कोकणातले यहुदी मराठी बोलत, तेलाच्या घाण्यावर राबत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. इथे त्यांना घेट्टो मिळाला नाही, जात मिळाली.)

बाबासाहेबांनी हे साम्य आणि त्यातला भेद दोन्ही ओळखले होते. त्यांच्या लेखन-भाषणांचा पाचवा खंड १९८९ साली महाराष्ट्र शासनाने छापला. त्यातल्या एका लेखनाच्या इंग्रजी शीर्षकातच अस्पृश्यांना 'हिंदुस्थानच्या घेट्टोची लेकरे' म्हटले आहे. इझ्रायल झँगविल या यहुदी इंग्रज कादंबरीकाराच्या १८९२ सालच्या घेट्टोवरील कादंबरीचे नाव त्यावरून चटकन आठवते. इंग्रजी वाङ्मय परीक्षेच्या बाहेर कसे वाचावे याचा हा एक नमुना.

आता वर्गाकडे येतो. १९७८ च्या जूनमध्ये मी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात अधिव्याख्याता म्हणून रुजू झालो. २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली. आमचा जिल्हाही सुटला नाही. त्या दिवसांचे वर्णन इतरांनी केले आहे, मी ते इथे करत नाही. वर्ग पुन्हा भरू लागले तेव्हा मागच्या बाकांवरची बरीच पोरे आली नव्हती. जी आली ती बोलत नव्हती. आणि अभ्यासक्रमाच्या क्रमाने माझ्या हातात आला न्यायालयाचा प्रवेश.

या प्रवेशात ग्रॅशियानो नावाचे एक पात्र आहे. बाजू पालटताच तो शायलॉकचेच शब्द उचलून त्याच्या तोंडावर फेकतो. शायलॉकने तरुण न्यायाधीशाला डॅनियल म्हटले होते. ग्रॅशियानो तेच नाव घेऊन खिदळतो आणि हा शब्द शिकवल्याबद्दल त्याचे आभार मानतो. गाईडात याला 'उपरोध' म्हटले आहे आणि 'विनोदनिर्मिती' असा शेरा आहे. उपरोध खरा. पण उपरोध ओळखताना पहिला प्रश्न हा असायला हवा की कोण कोणाला हसतो आहे आणि हसणाऱ्याच्या पाठीशी कोण उभे आहे? ग्रॅशियानोच्या पाठीशी ड्यूक आहे, कायदा आहे, सारे शहर आहे. मी तो भाग वाचत होतो. पुढच्या बाकांवर हशा पिकला. तो दर वर्षी पिकतो, त्यात त्या मुलांचा काही दुष्ट हेतू नव्हता. मागे शांतता होती. तास संपताना तिथून एकाने विचारले, "सर, मंग त्याला बाटवलं कुनी?"

प्रश्नाचे उत्तर गाईडात नव्हते, माझ्याकडेही नव्हते. शायलॉकला बाटवले कोणी? त्याला दयेची महती सांगणाऱ्या न्यायालयाने! ज्या पोर्शियाने थोड्या वेळापूर्वी दया सक्तीने होत नसते असे सांगितले, तिच्यासमोर सक्तीने धर्म बदलला गेला आणि तीच त्याला विचारते की तू संतुष्ट आहेस ना. या प्रवेशातला खरा नाट्यगत उपरोध इथे आहे. शायलॉकची प्रतिक्रिया काय? तो मोजक्या शब्दांत होकार देतो, बरे वाटत नाही म्हणतो, कागद मागाहून पाठवा, सही करीन म्हणतो, आणि जातो. नाटकाच्या वीस प्रवेशांपैकी अवघ्या पाचांत तो आहे. यानंतर तो पुन्हा दिसत नाही. पुढचा अंक चांदण्याचा, संगीताचा, अंगठ्यांच्या थट्टेचा आहे. परीक्षेच्या भाषेत याला 'भावनिक ताणाचा निरास' म्हणतात. कोणाचा ताण, कोणाचा निरास?

धर्मांतर हा शब्द आमच्या घरात कसा उच्चारला जाई ते वाचकांना सांगायला नको. १९३५ मध्ये येवल्याला घोषणा, १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपूरला दीक्षा. मध्ये एकवीस वर्षांचा अभ्यास. ज्या वर्षी दीक्षा झाली त्याच सुमारास मिलिंदचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' रंगमंचावर आले होते. म्हणजे ज्या आवारात शेक्सपिअर वर्गात शिकवला जात होता त्याच आवारात आपल्या इतिहासाचे नाटक उभे राहिले. शायलॉकचे धर्मांतर आणि आमचे, यांत शब्द सोडला तर सारे उलटे आहे. त्याने धर्म बदलला म्हणून त्याचा जीव वाचला आणि अर्धी मत्ता राहिली. आम्ही बदलला म्हणून केंद्राच्या सवलती गेल्या, त्या १९९० साली परत मिळाल्या. त्याचा होकार म्हणजे मौन होते. आमचा नकार म्हणजे बावीस वेळा मोठ्याने उच्चारलेले वाक्य. हे मी त्या मुलाला पुढच्या तासाला सांगितले आणि मला वाटले, विषय जिंकला.

तो जिंकला नव्हता. दुसऱ्या एका मुलाने, त्याचा बाप सालगडी होता, मला थांबवले. "सर, ह्यो तर सावकार हाय. ह्याचं अन् आपलं कसं जमंल?"

हा आक्षेप मी अजून पचवतो आहे. आपल्या लेखनात एक सोपी सवय शिरली आहे. परदेशी वाङ्मयात कोणी अपमानित दिसला की तो आपला. पण शायलॉकच्या हातात कर्जरोखा आहे. १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखेच जाळले होते. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्या लुबाडणुकीची चिरफाड केली आहे. आणि सालगडी म्हणजे काय? उचल घ्यायची आणि वर्षभर अंग गहाण ठेवायचे. त्या मुलाच्या दृष्टीने मांसाचा तुकडा गहाण टाकणारा करार ही कविकल्पना नव्हती. वेठबिगारीवर बंदी घालणारा कायदा १९७६ मध्ये झाला होता, त्याला दोन वर्षे झाली होती आणि त्याचा बाप अजून उचलीवर होता.

मग शायलॉक कोणाचा? लॅमच्या कथेत नसलेले ते दुसरे भाषण मी त्या आठवड्यात पुन्हा वाचले. ड्यूक दयेची अपेक्षा करतो तेव्हा शायलॉक व्हेनिसच्या सरदारांना विचारतो की तुम्ही गुलाम विकत घेतले आहेत, त्यांना गाढवाकुत्र्यांसारखे राबवता. मी म्हणू का, त्यांना मोकळे करा, तुमच्या वारसांशी त्यांची लग्ने लावा, तुमच्यासारखे अंथरूण आणि जेवण त्यांना द्या? तुम्ही म्हणाल, गुलाम आमचे आहेत. तसेच हे मांस माझे आहे. एका दमात रोटी आली, बेटी आली, अंथरूण आले. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय सांगितला आणि सहभोजने पुरेशी नाहीत असे बजावले. शेक्सपिअरच्या पात्राला हा क्रम कुठून सुचला कोण जाणे. पण नीट पाहा, तो गुलामांना सोडवण्यासाठी बोलत नाही. तो त्यांचा दाखला देऊन आपली मालकी सिद्ध करतो. त्याच्या युक्तिवादात गुलाम एक उपमा आहेत. ते न्यायालयात हजर नाहीत, त्यांना नाव नाही आणि निकालाने त्यांचे काहीच बदलत नाही. कोणी सरदार त्याला उत्तरही देत नाही. फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली, ती मात्र उपमा म्हणून केली नव्हती. या नाटकात आमचा कोणी असेल तर तो शायलॉकच्या एका वाक्यात उल्लेखलेला तो विकत घेतलेला माणूस आहे, असे आज मला वाटते.

याचा अर्थ शायलॉकचा अपमान खोटा ठरत नाही. उलट तो कसा केला जातो हे आमच्या विद्यार्थ्याला इतरांपेक्षा लवकर दिसते. पोर्शिया न्यायालयात येते, तुझे नाव शायलॉक का, असे विचारते, तो होय म्हणतो. त्यानंतर तिच्या तोंडी बहुतेक वेळा येतो तो 'यहुदी' हाच शब्द. १६०० सालच्या पहिल्या छापील प्रतीत तर संवादापूर्वीचे त्याचे नावही कधी 'शायलॉक', कधी नुसते 'यहुदी' असे छापले आहे. नाव ठाऊक असून जातीने हाक मारणे ही वाङ्मयीन क्लृप्ती शिकवण्यासाठी मला टीप द्यावी लागली नाही. आणि ज्या कलमाने तो शेवटी पडतो ते कलम परक्यांसाठी आहे. परक्याने नागरिकाच्या जिवावर उठू नये, असे ते कलम. तो त्याच शहरात राहतो, त्याच शहराला पैसा पुरवतो आणि निकालाच्या क्षणी परका ठरतो. रक्ताचा थेंब सांडू नये ही पोर्शियाची युक्ती सर्वांना पाठ असते. हे कलम मात्र एकाही आदर्श उत्तरात मला आढळले नाही.

हे वाचन एकट्याच्या डोक्यातून आले असे मी म्हणणार नाही. मिलिंदचे डॉ. म. ना. वानखडे इंग्रजीचे. अमेरिकेत अभ्यास करून आल्यावर त्यांनी निग्रो लेखकांचे उदाहरण दलित लेखकांपुढे ठेवले. लातूरला इंग्रजी शिकवणाऱ्या जनार्दन वाघमारे यांचे अमेरिकन निग्रो साहित्यावरचे पुस्तक १९७८ मध्येच आले. मराठवाड्यात इंग्रजीच्या प्राध्यापकांनी आमच्या चळवळीला असे बरेच दिले. पण नवे वाङ्मय आणताना जुन्या अभ्यासक्रमातले शेक्सपिअर, डिकन्स आम्ही गाईडवाल्यांच्या ताब्यात तसेच सोडून दिले. ही आमची चूक, आणि तिच्यात माझा वाटा आहे.

तो सांगून टाकतो. त्या वर्षीच्या नसेल, पण दोन-तीन वर्षांनंतरच्या परीक्षेत माझ्याकडे एक उत्तरपत्रिका आली. प्रश्न तोच, शायलॉकची प्रतिक्रिया. मोडक्या इंग्रजीत त्या विद्यार्थ्याने लिहिले होते की शायलॉकला बरे वाटत नाही हे खोटे नाही, ज्याला सर्वांसमोर बाटवले त्याला बरे कसे वाटेल. काव्यगत न्यायाचा उल्लेख नव्हता. व्याकरणाच्या चुका पुष्कळ. आदर्श उत्तर माझ्यासमोर होते आणि नोकरी कायम व्हायची होती. मी पंधरापैकी चार गुण दिले. बैठक क्रमांकाखेरीज त्या मुलाचे मला काहीच माहीत नाही.

पुढे मी न्यायालयाचा प्रवेश वर्गात भूमिका वाटून वाचून घेऊ लागलो. पोर्शियासाठी मुली पुढे येत, ड्यूकसाठी कोणीही तयार असे. शायलॉकसाठी पहिल्या वर्षी मागच्या बाकावरून हात वर आला. ग्रॅशियानो कोण वाचणार असे विचारले तेव्हा पुढची मुले एकमेकांकडे पाहू लागली. कोणी उठले नाही. ते संवाद मग मीच वाचले.